अर्क, काढा की फांट?

(चार ठिकाणच्या चौघांचं बोलणं; नावाऐवजी गाव दिलंय.)

धाराशिव : सीताफळाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) करायची कृती मराठीत लिहितेय. ‘एक्स्ट्रॅक्ट’ला अर्क म्हणू की काढा?

परभणी : काढा नको, ताई. काढा म्हटलं की वाचणारा पाणी चौथाई होईस्तोवर आटवणार. इथं धुऊन बारीक चिरलेला १० ग्रॅम पाला १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ७०-८० अंशांवर १०-१५ मिनिटं ठेवायचा, गार झाला की फिल्टर पेपरमधून गाळायचा. आटवला तर दर खेपेला तीव्रता वेगळी, मग कणांचा आकारही सारखा येत नाही. अर्कही अडचणीचाच, आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनानं, म्हणजे वाफ थंड करून, काढलेला. चांदीचं क्षपण करणारी, म्हणजे विरघळलेल्या चांदीचे धातूचे कण बनवणारी, पाल्यातली फिनॉलं बहुतेक भांड्यातच राहतील! शिवाय अर्क म्हणजे रुईसुद्धा, आणि रुईच्या पानांपासूनही नॅनोकण करतात.

नांदेड : निंबोळी अर्कात कुठंय ऊर्ध्वपातन? ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळून पाणी १०० लिटर करायचं. गावोगाव रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

परभणी : रुळलाय म्हणूनच भीती. लोक पाला रात्रभर भिजत घालतील. गरम पाण्यात टाकून, न आटवता गाळलेल्याला ‘फांट’ आहेच की. थंड पाण्यात रात्रभर ठेवला तर ‘हिम’.

लातूर : फांट बरोबर, पण एकटा लिहिला तर कुणाला कळायचा नाही. शीर्षकात ‘अर्क’ ठेवा, कृतीत एकदा ‘फांट पद्धतीनं काढलेला’ असं लिहा, झालं.

मला खटकतं ते पुढचं. नॅनोकणांचं ‘द्रावण’ लिहू नका, ते कलिल आहे, म्हणजे कण न विरघळता पाण्यात पसरून राहतात. द्रावण सिल्व्हर नायट्रेटचं : ०.१७ ग्रॅम एका लिटरमध्ये, म्हणजे १ मिलिमोलर. त्याच्या ९० मिलीत १० मिली अर्क थेंबथेंब सोडला की फिकट पिवळा रंग तपकिरी होत जातो. कलिल झालं असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) साधारण ४००-४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचं शिखर दिसतं. पांढरा गढूळपणा आला तर तो ‘साका’, म्हणजे न विरघळता खाली बसणारा पदार्थ : सिल्व्हर क्लोराइड. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं. भांडी शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं विसळली नाहीत तर तेवढंही पुरतं. हा साका उजेडात करडा-जांभळा पडतो, अन् लोक त्यालाच ‘क्षपण झालं’ लिहून मोकळे होतात.

धाराशिव : आणि ‘कंट्रोल’ला?

लातूर : ‘तुलना-नमुना’. दोन ठेवा : एक अर्काशिवाय, एक नायट्रेटशिवाय. नुसता अर्कही ठेवून ठेवून काळवंडतो.