चर्चा: आधी कॉलेजचं ऑफिस बदला, मग अभ्यासक्रम

पालक, ठाणे पश्चिम:
मुलगी इथल्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) ऑनलाइन जमा होतात ती सरकारी सोय, तिथल्या खात्यात तिचे क्रेडिट दिसेनात. कारण काय, तर मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी! अर्ज एका खिडकीवर, शिक्का दुसरीवर, सही उपप्राचार्यांची आणि ते रजेवर. चार खेटे झाले. नव्या अभ्यासक्रमात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा वेगळा विषय) सगळं आलं, खिडकी मात्र तीच. अर्ज एकदाच घ्या, सहीला मुदत घाला आणि तो कुठे अडकलाय हे मुलांना मोबाईलवर दिसू द्या.

प्राध्यापिका, नेरुळ:
तुमचा त्रास खरा आहे, पण उपाय पटत नाही. 2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने पदवीचे पेपर घाईघाईने संगणकावर तपासायला घेतले. 45 दिवसांत लागायचे निकाल महिनोन् महिने रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं रडकुंडीला आली होती. पोर्टल आणलं की शेवटी माहिती भरायची कोणी? आम्हीच. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास शिकवायचं असतं, आणि माझ्या विभागात निम्मे लोक तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर. लेक्चर संपलं की ते ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून दुसऱ्या कॉलेजात पळतात. मुलांच्या शंका कोण ऐकणार? आधी पदं भरा.

कॉलेज कर्मचारी, ऐरोली:
मॅडम, पदं भरायलाच हवीत. पण तोवर काय? आमच्याकडे बोनाफाईडसाठी मुलं तेच नाव, तोच रोल नंबर तीन कागदांवर लिहितात आणि मी ते चौथ्यांदा रजिस्टरमध्ये उतरवतो. याला माणूस वाढवून काय होणार? तो पाचव्यांदा उतरवेल. कुठला कागद कशासाठी, हे आम्हा टेबलावरच्यांना कधी कोणी विचारलेलंच नाही.

प्राध्यापिका, नेरुळ:
हे मान्य. कागद कमी करा, त्याला माझा विरोध नाही. पण तेवढ्यावर शिकवणं सुधारलं असं कोणी म्हणू नये. साठ जणांच्या वर्गात प्रोजेक्ट तपासताना मी प्रत्येकाला पाच मिनिटंही देऊ शकत नाही, माझा जीव तिथे तुटतो.

पालक, ठाणे पश्चिम:
मॅडम, माझ्या मुलीची त्या चार खेट्यांत चार लेक्चरं बुडाली. त्यातलं एक कदाचित तुमच्यासारख्याच कोणाचं असेल.