घाना १९७९: ११२ दिवसांच्या लष्करी राजवटीने बायका चालवत असलेला बाजार का पाडला?

शुक्रवारपेठकर
एम.ए.च्या पेपरसाठी घानाबद्दल वाचते आहे. ४ जून १९७९ ला कनिष्ठ सैनिकांनी फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्जला कोठडीतून सोडवलं, जनरल अकुफोंचं सरकार पाडलं आणि सैनिकांची क्रांतिकारी परिषद सत्तेवर आली. तीन माजी राष्ट्रप्रमुखांसह आठ वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. तरी आधी ठरलेली निवडणूक १८ जूनला होऊ दिली आणि २४ सप्टेंबरला निवडून आलेल्या हिला लिमान यांच्याकडे सत्ता सोपवलीही. इथवर समजतं. अडते ती १८ ऑगस्टला. त्या दिवशी सैनिकांनी आक्रा शहरातला मकोला नंबर एक हा बाजार सुरुंग आणि बुलडोझर लावून जमीनदोस्त केला. राग जनरल लोकांवर होता, मग बाजार का? माझी आत्या मंडईत गाळ्यावर बसते, त्यामुळे हे नुसतं तारीख म्हणून पाठ करवत नाही.

सुभेदार_वानवडी
ताई, मी फौजेत होतो, त्या बाजूने सांगतो. १५ मे ला रॉलिंग्जचा पहिला उठाव फसला होता. कोर्ट मार्शलपुढे त्याने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि माझ्या माणसांना सोडा म्हणाला. जवान त्याच्या बाजूला गेले ते तिथे. त्यांच्या घरी साबण-साखरेची मारामार, आणि वरच्यांच्या मर्जीतल्यांना आयात परवाने. हा जवानांचा अफसरांविरुद्धचा उठाव होता. पण एकदा हुकमाची साखळी तुटली की हातात रायफल असलेला प्रत्येक जण न्यायाधीश होतो. सरकारी भाव एक आणि बाजारातला भाव भलताच, हे जवानाला रोज दिसायचं. परवाना विकणारा बंगल्यात असतो, माल विकणारी बाई समोर बसलेली असते. काही बायकांना चौकात फटके मारले. कुठल्याही वर्दीला हे शोभत नाही.

गाळा_महात्मा_फुले_मंडई
सुभेदारसाहेबांचं पटलं. मी धंद्याच्या बाजूने लिहिते, जरा लांबेल.

मकोला १९२४ पासूनचा बाजार. धंदा आईकडून लेकीकडे यायचा आणि एकेका मालाची एक प्रमुख बाई असायची. बाहेरच्यांना अशा बायकांचे फक्त पैसे दिसतात. त्यांची उधारी कुणाला दिसत नाही. गावाकडच्या शेतकऱ्याला आधी पैसे द्यायचे, गाडीभाडं भरायचं, वाटेत सडलेला माल आपल्या अंगावर घ्यायचा, छोट्या विक्रेतीला संध्याकाळपर्यंत माल उधार द्यायचा. हे सगळं तोंडी आणि ओळखीवर चालतं. इमारत परत बांधता येते. पण ओळख मोडली की शेतकरी माल काढतच नाही.

महागाई या बायकांनी आणली नव्हती. अकुफोंच्या आधीचे लष्करी शासक आचेम्पाँग यांच्या काळात नोटा छापून खर्च भागवला आणि १९७७ मध्ये महागाई शंभर टक्क्यांच्या वर गेली. सेडी या तिथल्या चलनाचा सरकारी दर खोटा होता. परदेशी विकल्या जाणाऱ्या कोकोला सरकार इतका कमी भाव द्यायचं की शेतकरी पोती चोरून शेजारच्या आयव्हरी कोस्टला नेऊन विकत. परकीय चलन आटलं, मग माल येणार कुठून? आणि नसलेल्या मालाला सरकार भाव ठरवून देत होतं.

वर मार्च १९७९ मध्ये अकुफोंनी नोटा बदलल्या. पाच हजार सेडींपर्यंत दहा जुन्यांना सात नव्या, त्यापुढे दहाला पाच. आपल्याकडे २०१६ मध्ये निदान पूर्ण किमतीला बदलून मिळाल्या. ज्या बाईचं सगळं भांडवल रोखीत, तिचं एका फटक्यात तीस ते पन्नास टक्के गेलं. पाच महिन्यांनी त्याच बाईवर साठेबाजीचा शिक्का मारून तिचा माल लुटला. मला याची चीड येते आणि ती लपवायची नाही.

शुक्रवारपेठकर
काकू, मग भाव उतरले का? विद्यार्थ्यांनी तर पाठिंब्याचे मोर्चे काढले होते.

गाळा_महात्मा_फुले_मंडई
सापडलेला माल सरकारी भावाने वाटला तेवढे दिवस उतरले, आणि तेव्हा लोक खूशही होते. ते खोटं नाही गं. तेलाचा डबा निम्म्या किमतीत मिळाला तर कोण नाही म्हणेल? पण तो माल संपल्यावर नवा आणणार कोण? ज्या आणायच्या त्यांनाच मारून पळवलं होतं. टंचाई आणखी वाढली.

सुभेदार_वानवडी
आणि ३१ डिसेंबर १९८१ ला रॉलिंग्जने पुन्हा सत्ता घेतली, लिमान सत्तेवरून गेले. सत्ता परत दिली म्हणून ११२ दिवसांचं कौतुक करणाऱ्यांनी हे पुढचं पान जरूर वाचावं.

गाळा_महात्मा_फुले_मंडई
त्याच्याही पुढचं पान आहे साहेब. १९८३ पासून त्याच रॉलिंग्जच्या सरकारने नाणेनिधीच्या कर्जासोबत भाव-नियंत्रण सोडायला सुरुवात केली. म्हणजे ज्या नियमासाठी बायकांना फटके मारले, तो नियमच नंतर काढून टाकला. पाडलेल्या जागेवर गाड्यांचा तळ झाला आणि नाव पडलं रॉलिंग्ज पार्क. मकोलाचा दुसरा भाग मात्र आजही गजबजलेला आहे आणि तिथे बायकाच बसतात.

पोरी, पेपर लिहिताना सुरुवात जूनपासून करू नकोस. मार्चची नोटाबदली आणि कोकोचा भाव आधी घाल, मग ऑगस्ट आपोआप समजेल.