मदत हवी आहे: रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर धडकून अपघात, भरपाईचा दावा कसा करायचा?

नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ रात्री आष्ट्याहून इस्लामपूरला दुचाकीवर येत होता. रस्त्यातच पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बाहेर लोंबत होतं, चाकाला दगड लावलेले आणि जवळ माणूस कुणी नाही. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. गवंडीकाम करतो, त्यामुळं कमाई बंद.

मालक म्हणतो, "गाडी उभीच होती, तोच धडकला." मला हे अजिबात पटत नाही. अंधारात अशी ट्रॉली सोडून जाणं हाच निष्काळजीपणा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला ६ महिन्यांची मुदत घातलीय, एवढं कळलं. पण विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही. कंपनी अंग काढून घेईल का? पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याचा उल्लेखच नाही. आमचे मोबाइलवरचे फोटो चालतील का? रोजंदारीवाल्यानं उत्पन्न कसं सिद्ध करायचं?

सांगलीत असे दावे चालवणारे वकील कुणाच्या ओळखीचे आहेत का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील कुणाला मिळालाय का? कृपया सांगा, मुदत जवळ येतेय.