सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करून नोकरीत गेलेल्यांचे अनुभव, त्यांच्या टोपणनावांनी

माळ्यावरचा बँड

दसऱ्याआधी माळा आवरताना एका पिशवीत खळ घालून कडक केलेला, कडेला पिवळा पडलेला, वकिलाने गळ्यात बांधायचा माझा पांढरा बँड सापडला. सातारच्या जिल्हा न्यायालयातली सहा वर्षांची वकिली सोडून 2012 साली मी एका सरकारी बँकेत विधी अधिकारी म्हणून रुजू झाले, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो मीच तिथे ठेवला होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 49व्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने तसे कळवून व्यवसाय थांबवायचा असतो, म्हणून महाराष्ट्र व गोव्याच्या वकील परिषदेला पत्र लिहायला बसले. लोकांचे दावे अर्ध्या तासात सांगून टंकवून घेणारी मी, त्या चार ओळींना मला अख्खी दुपार लागली.

वकिली का सोडली, याचे खरे कारण म्हणजे मे महिना. दिवाणी न्यायालये सुट्टीवर जात, पण चेंबरचे भाडे आणि कारकुनाचा पगार सुट्टीवर जात नसे. पक्षकार फीऐवजी कोरेगावचा घेवडा आणून देत, आणि घेवडा कितीही उत्तम असला तरी त्यातून गृहकर्जाचा हप्ता भरता येत नाही. आता मे महिन्यातही पगार होतो, मात्र मे महिन्याची सुट्टी गेली. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा मिळकतीच्या मालकीबद्दलचा शोध अहवाल तपासणे, थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखालच्या साठ दिवसांच्या नोटिशीतली रक्कम आणि मिळकतीचे वर्णन पुन्हा पुन्हा पडताळणे, हे माझे काम. न्यायालयात युक्तिवाद दुसरा वकील करतो आणि मी मागे फाइल धरून बसते. पहिल्या वर्षी समोरचा वकील चुकीचे बोलला म्हणून मी दोनदा नकळत उठून उभी राहिले होते.

ज्यांनी असा बदल केला, त्यांनी हातातली चालू कामे कशी सोपवली, हे वाचायला आवडेल.

दुसरी बाजू

लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन मी सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटल्यांतला सरकारी वकील झालो, त्यामुळे गाऊन राहिला आणि बाजू बदलली. पहिल्या दिवशी सवयीने आरोपीच्या वकिलांच्या जागी जाऊन उभा राहिलो, तेव्हा पैरवी हवालदाराने, म्हणजे न्यायालयात पोलिसांचे काम पाहणाऱ्या हवालदाराने, हळूच कोपराला धरून मला पलीकडे नेले. माझ्यासारख्यांबाबत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की शासनातर्फे न्यायालयात काम चालवणारा अभियोक्ता वकीलच राहतो. तरीही एक हक्क जातो, तो म्हणजे एखादे प्रकरण नको म्हणण्याचा. दोषारोपपत्रात पंचनाम्याची वेळ आणि पंचांचा जबाब जुळत नसला, तरी साक्षीदार मलाच तपासावा लागतो. शिवाय 1 जुलै 2024 पासून गुन्हा कधी घडला हे पाहून जुनी दंडसंहिता की नवी न्यायसंहिता, हे ठरत असल्याने टेबलावर दोन्ही पुस्तके असतात आणि घाईत नेमके नको ते हाती येते.

पुरसिस

ताई, चालू कामांबद्दल विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. वकीलपत्र एकदा दाखल झाले की न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यातून सुटता येत नाही, हे शिकलो होतो. पण एकसष्ट प्रकरणांत एकसष्ट पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी कळवणारी निवेदने, देताना त्याचा खरा अर्थ कळला. प्रत्येक पक्षकाराला बोलावून फाइल परत दिली, नव्या वकिलासाठी ना हरकत लिहून दिली आणि पोच घेतली. एक आजोबा वाटपाच्या दाव्यात नऊ वर्षे माझ्याकडे येत होते. त्यांनी फाइल घेतली, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, मग आता पुढच्या तारखेला मी कुणाशेजारी बसायचं?” मला उत्तर देता आले नाही. त्यांच्याकडे थोडी फी बाकी होती, ती मी वहीतून खोडून टाकली. बाकीच्यांची उधारी वहीत आजही आहे आणि ती कुणी देईल, असे वहीलाही वाटत नसावे.

ज्या महामंडळातल्या नोकरीसाठी हे सगळे केले, ती मी तीन वर्षांत सोडली. सनद पुन्हा सुरू करून घेता आली, पक्षकार मात्र परत आले नाहीत, कारण ते माझ्याच जुन्या ज्युनियरकडे सुखात होते.

घरातून

माझी पत्नी विधी अधिकारी झाल्याला चार वर्षे झाली. सासूबाई शेजाऱ्यांना अजून “आमची लेक न्यायाधीश आहे” असे सांगतात आणि आम्ही दोघांनीही दुरुस्त करणे सोडून दिले आहे.

रत्नागिरीकर

आमच्या कार्यालयात वरिष्ठांनी मला सांगितले की बाहेरच्या वकिलाची फी कशाला द्यायची, तुम्हीच उभे राहा. तेव्हा 2001 च्या निकालाची प्रत मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यात हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळातल्या पूर्णवेळ विधी अधिकाऱ्याची वकील म्हणून झालेली नोंदणी रद्द होणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले होते. ग्राहक आयोगापुढे प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून मी जातो, पण बँड लावत नाही.

एकोणतिशीत

बँकेच्या विधी अधिकारी पदाला सर्वसाधारण गटात वयाची अट तीस आहे आणि माझ्या हातात हे एकच वर्ष उरले आहे. न्यायाधीश होण्याची इच्छाही आहे. नोकरी धरली तर तो रस्ता बंद होईल का?

माळ्यावरचा बँड

@एकोणतिशीत, सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात. तुमची तीन वर्षे भरली असतील, तर नोकरीत जाण्याआधीच तुम्ही वकिली करता त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांचे, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे त्यांनी साक्षांकित केलेले, प्रमाणपत्र घेऊन ठेवा. एकदा न्यायालयातली ऊठबस थांबली की तुम्ही रोज उभे राहत होता, हे सांगणारे माणूस शोधावे लागते.

@पुरसिस, त्या आजोबांच्या दाव्याचा निकाल लागला का?

पुरसिस

दावा तडजोडीत मिटला. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि ते माझ्याशेजारी येऊन बसले.