तैलचित्रातला रस्ता भिंतीसारखा उभा दिसतोय

प्रश्न: पुण्यातल्या पेठेची गल्ली, 18 बाय 24 इंची कॅनव्हास. डांबरी रस्ता उभा वाटतो, आणि वाड्याखालची गडद सावली वाळल्यावर निस्तेज पडली. काय करावं?

करडा_रंग: रस्त्याला एकच करडा फासलाय ना? अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पांढरा घ्या. लांबच्या डांबरावर आकाशाची चमक येते, तिथे पांढरा वाढवा, जवळ सिएना. तुम्ही उभं राहून पाहत असाल, तर सपाट गल्लीत उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवरच (डोळ्यांच्या पातळीवर) येतात, तेही तपासा.

जवस: सावलीतलं तेल खालच्या थराने शोषलंय. अंबर या गडद तपकिरी रंगाचं हे नेहमीचंच. थर वाळल्यावर जवसाचं तेल नि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, फडक्याने पातळ चोळून जास्तीचं पुसा. वॉर्निश 6 महिने तरी नको. आणि तेलकट फडक्यांचा बोळा ठेवू नका, आपोआप पेटू शकतो!

करडा_रंग: विजेच्या तारा शेवटी, आकाश वाळल्यावर, रिगर ब्रशने (लांब केसांचा बारीक ब्रश). निव्वळ काळ्या नकोत.