'पाच वेळा डिस्टिल्ड' व्होडका खरंच वेगळी लागते का?

चौकस:
महागड्या व्होडकाच्या बाटलीवर 'पाच वेळा डिस्टिल्ड', 'कोळशातून गाळलेली' असं ठळक छापलेलं असतं. पण व्होडका म्हणजे अल्कोहोल आणि पाणीच ना? मग चवीतला फरक येतो कुठून? फ्रीझरमधून काढून प्यायल्या तर सगळ्या सारख्याच लागतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भट्टीवाला:
'पाच वेळा' सोडून द्या. ऊर्ध्वपातनाच्या (डिस्टिलेशनच्या) उंच कॉलममध्ये, म्हणजे आत एकावर एक प्लेटा बसवलेल्या नळकांड्यात, प्रत्येक प्लेटवर वाफ थंडावते आणि पुन्हा उकळते. चाळीस प्लेटांच्या एका कॉलमला किती 'वेळा' म्हणणार? शिवाय साध्या ऊर्ध्वपातनाने ९७.२ टक्क्यांच्या वर जाताच येत नाही, पाणी आणि अल्कोहोल तिथे एकत्रच उकळतात. युरोपीय संघात मूळ अल्कोहोल किमान ९६ टक्के आणि बाटलीतली व्होडका किमान ३७.५ टक्के लागते. फरक पडतो तो उरलेल्या चिमूटभर घटकांमुळे.

त्याची सुरुवात शिजवण्यापासून होते. दळलेलं धान्य पाण्यात शिजवून स्टार्च फुलवायचं, ८५-९० अंशांना अल्फा अमायलेज घालायचं, मग ६० च्या आसपास ग्लुकोअमायलेज; ही दोन्ही एन्झाइम्स स्टार्च तोडून त्याची साखर करतात. वाटीभर रस घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकतात. निळंकाळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, थांबा. तिशीपर्यंत गार झाल्यावर यीस्ट. दोन-तीन दिवसांत ८ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. टाकी तापू दिली तर यीस्ट दमतं आणि नको ते वास सोडतं. स्वच्छता ढिली असेल तर जिवाणू साखर खाऊन टाकतात, उतारा घटतो आणि आंबूस वास येतो.

पुढची गंमत फार जणांना ठाऊक नसते. पहिल्या कॉलममधून निघालेल्या अल्कोहोलमध्ये मुद्दाम भरपूर गरम पाणी घालतात. फ्युजेल ऑइल (आंबवताना तयार होणारी उग्र वासाची इतर अल्कोहोलं) एरवी अल्कोहोलपेक्षा जड, म्हणजे उशिरा उकळणारं, पण इतक्या पातळ द्रावणात तेच आधी वाफ होऊन वरून निघून जातं. खालचं स्वच्छ द्रावण मग रेक्टिफायर नावाच्या पुढच्या कॉलममध्ये पुन्हा तीव्र करतात. बटाटा किंवा फळं वापरली तर त्यांच्यातल्या पेक्टिनमुळे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल जास्त येतं, ते काढायला वेगळा कॉलम असतो.

थेंबथेंब:
+१. फक्त पाण्याचा मुद्दा राहिला. ९६ टक्क्यांचं १०० लिटर ४० वर आणलं की २४० लिटर होतं. वजाबाकी सांगते १४० लिटर पाणी. प्रत्यक्षात लागतं सुमारे १४७, कारण दोन्ही मिसळले की आकारमान आक्रसतं. मिश्रण तापतंही, त्यामुळे २० अंशांना आणल्याशिवाय मोजमाप घेऊ नये. पाणी जड असेल तर कॅल्शियमचे क्षार अल्कोहोलमध्ये न विरघळता धूसरपणा आणतात आणि तळाशी पांढरा गाळ बसतो; म्हणून आरओचं किंवा मृदू केलेलं पाणी.

कोळशाचं म्हणाल तर तो वास शोषतो हे खरं, पण जास्त वेळ संपर्क ठेवला तर अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊ लागतं आणि हिरव्या सफरचंदासारखा वास येतो. खराब स्पिरिट कोळशाने सुधारेल ही अपेक्षाच चुकीची.

नाकसम्राट:
चवीचं मी सांगतो. राय या धान्याची व्होडका किंचित मिरमिरीत, शेवटी तिखटसर. गव्हाची मऊ, कधी बडीशेपेची झाक. बटाट्याची जाड, तोंडात साय धरल्यासारखी. मक्याची गोडसर. ही ढोबळ खूण झाली. उत्पादक किती चव शिल्लक ठेवतो त्यावर बरंच अवलंबून. पोलंडची बेल्वेडेर रायची, शोपॅन बटाट्याची: दोन्ही शेजारी ठेवून पाहा, शंका फिटेल.

तपासताना फ्रीझरमधली नको. ट्युलिप आकाराच्या ग्लासात खोलीच्या तापमानाची ओता, मग तितकंच पाणी घालून पुन्हा हुंगा. २० टक्क्यांवर अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि दोष उघडे पडतात: नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास म्हणजे एथिल अ‍ॅसिटेट, ओल्या पुठ्ठ्यासारखा म्हणजे गाळणीत घोळ. घशातली जळजळ मात्र गुणवत्तेचं माप नव्हे, ४० टक्के अल्कोहोल थोडं तरी झोंबणारच.

चौकस:
धन्यवाद. मग गोडसर, गुळगुळीत लागणारी म्हणजे साखर घातलेली?

नाकसम्राट:
नेहमी नाही, पण असू शकते. अमेरिकेत लिटरला २ ग्रॅमपर्यंत साखर चालते. पोलिश व्होडका या नावाने विकायची तर पाण्याखेरीज काही घालता येत नाही. घरी एवढंच करा: दोन-चार थेंब बशीत वाळू द्या. चिकट डाग राहिला तर काहीतरी घातलंय.