‘जलसा’: रुख्साना गप्प राहते, म्हणून ती खोटी?

पाऊसवेडी
आमच्या मैत्रिणींच्या गटात काल ‘जलसा’ या हिंदी सिनेमावर (2022) एक पोस्ट आली: “शेफाली शाह उत्तमच, पण रुख्साना पटत नाही. पोरगी हॉस्पिटलात आणि ही बाई आवाजसुद्धा चढवत नाही? आमच्या बाई चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेतात.” तिथे उत्तर द्यायला जागा पुरली नाही, म्हणून इथे लिहितेय.

चमचा हरवला की त्या ओरडतात, कारण आळ त्यांच्यावरच येणार असतो! रुख्साना गप्प आहे, कारण जिच्या घरी ती स्वयंपाक करते तीच माया तिच्या मुलीच्या उपचारांचा खर्च करतेय. मुलीला उडवणारी गाडी मायाचीच होती, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत आहे, तिला नाही. सिनेमातला सगळा ताण इथेच आहे. उपकाराचं ओझं आणि संशय, दोन्ही शेफालीच्या एकाच चेहऱ्यावर दिसतात. ‘सत्या’त भिकू म्हात्रेशी तोंडाला तोंड देऊन भांडणारी प्यारी तिनंच केली होती. ओरडणं तिला येतं. इथे तिनं ते गिळलंय.

सदाफुली_७
ती पोस्ट माझी. इथे आणून वाभाडे काढण्याआधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझा मुद्दा अभिनयाचा नव्हताच. लेखकाने रुख्सानाला एक चूक करू दिलेली नाही. माया पळून जाते, खोटं बोलते, आतून तुटत जाते, म्हणून ती खरी वाटते. मायाच्या भूमिकेतल्या विद्या बालनचं काम मला जास्त अवघड वाटलं. गरीब माणूस म्हणजे कायम सोशिकच, हे दाखवणंही अन्यायच आहे. आणि आम्ही आमच्या बाईंना घरच्यासारखं वागवतो, हेही सांगून ठेवते.

डोंबिवली_फास्ट_नाही
घरच्यासारखं? खाड्याचे पैसे कापता की नाही, एवढंच सांगा.

माझी आई पाच घरी पोळ्या करायची. मी चौथीत असताना मला टायफॉइड झाला, आईचे सहा खाडे पडले. एका घरच्या काकू स्वतः जिने चढून आमच्याकडे आल्या, मोसंबी घेऊन. माझ्या कपाळावर हात ठेवला, सोलून फोडीसुद्धा भरवल्या. महिनाअखेरीस त्याच काकूंनी सहा दिवसांचे पैसे कापले. आईनं पाकीट उघडून मोजलं, परत मोजलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला गेली. एक शब्द बोलली नाही. मी रुख्सानाचा चेहरा बघितला तेव्हा मला ते पाकीट आठवलं.

ठाणेकर_गृहिणी
सारखं मालकिणींनाच धरायचं का? घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आम्ही दोघं नोकरीवर. बाई न सांगता तीन दिवस गायब झाल्या, फोन बंद. माझी रजा संपली होती, माझाही पगार कापला गेला. मला कोण मोसंबी आणून देणार?

डोंबिवली_फास्ट_नाही
तुमची रजा संपली, म्हणजे ती होती. माझ्या आईला तो शब्दच माहीत नव्हता. आठवड्याची सुट्टी तुम्हाला हक्काची, तिला मागितली की ‘डोक्यावर बसल्या’.

ठाणेकर_गृहिणी
भाषा सांभाळा. मी दिवाळीला अख्खा पगार देते, वर साडी.

कोर्टाची_पायरी
दोघांनाही सांगतो. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. तुमच्यापैकी कुणी बाईंना त्यात नाव नोंदवायला मदत केली का? साडी हा हक्क नव्हे, ती मर्जी झाली.

सिनेमाबद्दलही एक. गाडी सापडलीच नाही, तर अपघातात गंभीर जखमी झालेल्याला सरकारकडून 12,500 रुपये मिळायचे. 1 एप्रिल 2022 पासून ते 50,000 झाले. ‘जलसा’ आला 18 मार्चला. म्हणजे रुख्सानासमोर एकीकडे हे साडेबारा हजार, दुसरीकडे मालकिणीचा खुला हात. अशा वेळी कोण आवाज चढवेल? सोशिकपणा नाही तो, हिशेब आहे.

नाट्यवेडा
खाड्यांवर वेगळा धागा काढा, विनंती आहे. मायाच्या मुलाचं, आयुषचं काम करणाऱ्या सूर्या कासिभट्लाचं नाव अजून कुणी घेतलं नाही. आयुषसारखीच त्या मुलाला स्वतःला सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारी मेंदूची अवस्था) आहे, म्हणून कुठेही सोंग वाटत नाही. आणि आपल्या रोहिणी हट्टंगडी! मायाच्या आईच्या भूमिकेत त्या नुसत्या बसल्या तरी त्या घराचं वय कळतं. ‘गांधी’तली कस्तुरबा केलेली बाई, आपण किती कमी वापरतो तिला.

सदाफुली_७
हिशेबाचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण शेवट मला अजूनही खुपतो. गाडीचं खरं कळल्यावर रुख्साना आयुषला समुद्रावर घेऊन जाते तेव्हा माझा श्वास अडकला होता. लेखकाने तिला तिथे नेलं आणि शेवटी पुन्हा मोठ्या मनाची करून सोडलं.

पाऊसवेडी
न विचारता पोस्ट इथे आणली, ते चुकलं. पण समुद्राचा प्रसंग परत बघ. तिथे तुझा श्वास अडकला, म्हणजे ती काहीही करू शकते हे तुला पटलं होतं. चमचेवाल्या बाईंबद्दल तुला असं कधी वाटलं होतं का?

सदाफुली_७
नाही. आणि खाडे मीही कापते. गेल्या महिन्यात दोन कापले, तिच्या मुलाची परीक्षा होती.